चुलीसकट

लेमुय बेटावर धक्क्यापासून चढावरचं तिसरं घर
ओनोफ्रे बारियांचं.
लाकडी चकत्यांनी मढवलेलं, समुद्राकडे किंचित कललेलं.
टेबलावर वाटाणा ठेवला
तर तो आपल्या मनाने खिडकीकडे चालू लागतो.

त्याच टेबलावर त्यांनी गोणपाट उलगडलं.
आत लॅपटॉप,
शिंपल्यांच्या सहकारी संस्थेने निकालात काढलेला,
एक जीबी रॅम,
एका अक्षराच्या जागी नुसता रबराचा ठिपका.
"मास्तर, हा उठतो. पण उठून बसत नाही."

खरंच होतं ते.
चालू केला, किटली उकळली, मातेचा एक फेरा झाला,
तेव्हा कुठे पडद्यावर एक हिरवी टेकडी उगवली,
आणि पंख्याला अशी धाप लागली
की कुत्रं उठून बाहेर गेलं.

मी सुरुवात केली काढण्यापासून.
खिडक्यांच्या सावल्या काढल्या,
मिटताना विरघळणाऱ्या कडा काढल्या,
टेकडी काढली.
पुढच्या शनिवारी सगळंच पुसलं
आणि एक्सएफसीई घातलं.
त्याचं चिन्ह उंदीर. म्हटलं, खाऊन खाऊन किती खाईल?
साडेतीनशे एमबी, काही न करता, नुसतं बसून.
मग एलएक्सक्यूटी. थोडं कमी, पण थोडंच.
तिसऱ्या शनिवारी आइसडब्ल्यूएम:
खाली एक पट्टी, एक यादी,
बाकी राखाडी भिंत, खिळाही न ठोकलेली.
दीडशेच्या आत.
मी आकडा मोठ्याने वाचला,
जसं कुणी तराजूवरून पोराचं वजन वाचतं.

ओनोफ्रे म्हणाले, "छान. आता एदुविना दाखव."

एदुविना त्यांची मुलगी, पुंता आरेनासला.
तिला बघायचं म्हणजे ब्राउझर,
आणि ब्राउझर म्हणजे असा पाहुणा
जो दारातच विचारतो, झोपायचं कुठे?
उरलेली सगळी जागा त्याने एका दमात घेतली,
आणखी मागितली.
डिस्क करकरू लागली. बाण थिजला.

मी म्हटलं, "भरती-ओहोटीचं कोष्टक चालेल,
पत्रं चालतील, हिशोब पळेल.
चेहरा तेवढा सोडून द्या.
चेहरा जड असतो."

ते काही बोलले नाहीत. वाटाणा उचलला,
टेबलाच्या वरच्या टोकाला ठेवला,
सोडला.

"हे घर पलीकडच्या बेटावर होतं.
मिंगा घातली तेव्हा गावाने दारं काढली,
तावदानं काढली, खाटा, कपाट,
संतांची तसबीरसुद्धा.
बैलांनी ओंडक्यांवरून किनाऱ्यापर्यंत ओढलं,
भरतीला तरंगवलं, होड्यांनी आणलं.
चूल मात्र रोसाल्बाने काढू दिली नाही.
लोखंडी चूल! सगळे ओरडले, बुडेल.
ती म्हणाली, चूलच नसेल
तर ओढताय काय, खोकं?
बुडालं नाही. कललं.
मास्तर, बाकीचं घर हलकं करतात
ते चुलीसाठीच."

यावर मी काय बोलणार?
मी परत बसलो. खालची पट्टीही लपवली,
ब्लूटूथ, छपाई, न मागता जागे राहणारे
बारीकसारीक नोकर एकेक करून झोपवले.
ब्राउझरला बजावलं: एकच पान.
चित्र लहान करून घेतलं, काडेपेटीएवढं.
घड्याळ ठेवू का, विचारलं.
"कशाला? समुद्र आहे की."

रविवारी ते दाढी करून बसले.
पंखा धापा टाकत होता,
कुत्रं आधीच बाहेर होतं.
काडेपेटीएवढी एदुविना आली,
हलली, थिजली,
पुन्हा हलली तेव्हा वाक्याच्या मध्यावर होती,
कुणाच्या तरी दाताबद्दल बोलत.
मधलं काय गेलं, त्यांनी विचारलं नाही.
लॅपटॉप हळूहळू खिडकीकडे सरकत होता.
एका हाताने त्यांनी तो
धरून ठेवला होता.